म्हाताऱ्या कुत्र्याची पायवाट

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीतील प्रवाशाला तिगाव भेटते ते बहुधा खिडकीतून सरकून गेलेल्या एका पाटीच्या रूपाने. पांढुर्णा मागे पडते, दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात आणि पुढे चिचोंड्याच्या दिशेने सातपुड्याचा घाट सुरू होतो. त्या चढणीच्या अलीकडे आमचे गाव. वर मुलताई, म्हणजे तापीचे उगमस्थान. खाली जाम नदीच्या काठचे पांढुर्णा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आम्ही मंडळी जागची न हलता परप्रांतातली मराठी माणसे झालो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी ही वाटणी मात्र दोन्ही वेळा अबाधित राहिली.

गावाविषयी लिहावयाचे तर एरवी मी शाळेपासून आरंभ केला असता. परंतु गेली दोन वर्षे हे गाव मी रोज पहाटे एका वाटाड्याच्या मागून पाहतो आहे, आणि त्याने दाखविलेले गाव माझ्या तीस वर्षांच्या परिचयातल्या गावाहून बरेच वेगळे आहे. वाटाड्याचे नाव मोत्या. जात गावठी, रंग तांबूस, वय तेरा. वडिलांची संत्र्याची बाग होती त्या काळात तिच्या कुंपणाशी हे पिल्लू सापडले. पुढे बाग विकली गेली. कुत्रा घरी राहिला. वडील आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. घरात वयोवृद्ध असे हे दोघे, आणि दोघांचाही उजवा डोळा मोतीबिंदूने धूसर झालेला.

मोत्याच्या शरीराचे म्हातारपण आम्हाला ओळखू आले होते. ओट्याची पायरी चढताना मागचे पाय डगमगत, हाक मारली तर कान हलेनासे झाले. हे सारे अपेक्षितच होते. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात निराळीच चिन्हे दिसू लागली. दिवसभर तो निपचित पडून असावयाचा आणि रात्री दोनच्या सुमारास उठून अंगणात येरझारा घालावयाचा. मध्येच भिंतीकडे तोंड करून उभा राही, जणू कोणी त्याला कोपऱ्यात उभे राहण्याची शिक्षा केली आहे. दार उघडले तर मोकळ्या बाजूने बाहेर पडण्याऐवजी बिजागरीच्या फटीत नाक खुपसून वाट शोधी. आणि एके दिवशी माझ्या पत्नीवर, जिच्या हातची भाकरी त्याने जन्मभर खाल्ली तिच्यावर, तो अनोळखी माणसावर गुरगुरावे तसा गुरगुरला. ती रागावली नाही. पदराने डोळे पुसून एवढेच म्हणाली, “अहो, यानं मला ओळखलं नाही.”

गावात अशा कुत्र्याला एकच नाव असते : पिसाळलेला. एका बाजाराच्या दिवशी मोत्या घरातून निसटला आणि किराणा दुकानाच्या भिंतीशी कपाळ टेकून उभा राहिला. पोरे जमली. दोघांतिघांच्या हातात दगड आले. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची मंडळी पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी एकमेकांवर गोटमार करतात, हे वाचकांना ठाऊक असेलच, दगड उचलण्यासाठी आमच्या मुलखात फारसा विचार करावा लागत नाही.) मी वेळेवर पोहोचलो. दरवर्षी टोचलेल्या लसीचा कागद घरी होता, तो दुकानदाराला आणून दाखविला, तेव्हा हात खाली आले. पिसाळलेला कुत्रा लक्षणे दिसू लागल्यावर दहाएक दिवसांत मरतो आणि मोत्याचे हे महिनाभर चालले होते, हा मुद्दा माझ्यातल्या मास्तराने तेथेच समजावून सांगितला. मुले ऐकत होती. मोठी माणसे तितकीशी नव्हती.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. बांधून ठेवा, असे पुष्कळांनी सुचविले. नोकरीनिमित्त दूर असलेल्या मुलाने फोनवर सांगितले, “बाबा, आता त्याला दगदग नको. पडून राहू द्या.” शेजारची आजी तर मला पट्टा हातात धरलेला पाहून रोज अडवी : “काहून फिरवता जी गुरुजी त्याले? मराले टेकला बिचारा. बसू द्या ना आता.” दगडापेक्षा ही दया मला अधिक कठीण वाटली, कारण दगडाला उत्तर देता येते. म्हाताऱ्याला विश्रांती द्यावी यात चूक ती कोणती? आपण माणसांच्या बाबतीतही हेच करतो. खाट ओट्यावर टाकतो, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो, आणि सेवा पूर्ण झाली असे मानतो.

पांढुर्ण्याला पशुवैद्यांकडे मोत्याला नेले. त्यांनी डोळे, कान, दात, मागचे सांधे नीट पाहिले, रक्त तपासले. भटकणे, घरात लघवी होणे, चिडणे ही सर्वच मनाची लक्षणे नसतात. दुखणारा सांधा, बिघडलेले मूत्रपिंड, गेलेले कान हेही तसेच दिसतात, म्हणून आधी ते वगळावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. सांधेदुखीवर औषध दिले आणि बजावले की आपल्या घरातली दुखण्याची गोळी याला कधीही देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते. उरला तो म्हातारपणाचा विसर. त्यावर त्यांचे सांगणे थोडक्यात होते : “गुरुजी, चाल कमी करा, वेळ कमी करू नका. आणि फेरी तर अजिबात बंद करू नका.”

मास्तरकीची सवय, ऐकलेले पडताळून पाहिल्याशिवाय राहवत नाही. वाचले ते असे. माणसाच्या स्मृतिभ्रंशाच्या रोगात मेंदूत ज्या प्रकारची प्रथिने साचतात, त्यांपैकी एक म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचते. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अकरा-बारा वर्षे वयाच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत विसराचे निदान एक तरी लक्षण दिसले. पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांत हे प्रमाण ६८ टक्के होते. म्हणजे मोत्या काही जगावेगळा नव्हता. अमेरिकेतच श्वानांच्या वार्धक्याचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातील पंधरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती २०२२ मध्ये मांडली गेली. एकाच वयाच्या, जातीच्या आणि प्रकृतीच्या कुत्र्यांची तुलना केली तर हालचाल नसलेल्या कुत्र्यांत हा विकार असण्याची शक्यता खूप हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या सुमारे साडेसहा पट निघाली. आकडा पाहून मी हरखलो होतो. पण अभ्यासकांनी स्वतःच एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली आहे. कुत्रा बसून राहिल्यामुळे विसरू लागतो, की विसरू लागल्यामुळे बसून राहतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत कार्य आणि कारण यांची अदलाबदल मी रोज पाहतो, म्हणून हा इशारा मला मोलाचा वाटला.

त्याहून जवळचा पुरावा टोरोंटोचा. तेथील मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर केलेला दोन वर्षांचा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना विशेष आहार दिला. काहींना सोबती, बदलती खेळणी, डोके चालवावयाची कोडी आणि आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटांची फेरी दिली. काहींना दोन्ही दिले. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची शिकण्याची शक्ती सर्वांत चांगली टिकली. येथेही सारे श्रेय फिरण्याला देता येणार नाही. तरी वीस मिनिटे, आणि तीही आठवड्यातून दोनच वेळा! आपल्यातील कोणत्या घराला एवढे अशक्य आहे?

आता आमच्या फेरीकडे वळतो.

सूर्य उगवण्यापूर्वी निघावयाचे. उन्हाळ्यात तर हा नियमच, कारण वैशाखात आठ वाजता डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू काही क्षणही टेकवत नाही, आणि कुत्र्याच्या पायात चप्पल नसते. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून बांधावयाचा पट्टा आणला. तोल गेला तर मानेला हिसका बसत नाही. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत पूर्वी आम्ही दोन मिनिटांत जात असू. आता पंधरा लागतात. विजेच्या पहिल्या खांबाशी एक थांबा, बंद चक्कीच्या उंबऱ्याशी दुसरा, जेथे दळणाचे पीठ सांडलेले असते. पारावर रात्री कोण बसून गेले, कोणाची शेळी बांधली होती, परक्या आळीतला कोणता कुत्रा हद्द ओलांडून आला होता, हे सर्व त्याने नाकाने वाचून घेतल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. पहिले काही दिवस माझा हात आपोआप दोरी ओढू पाही. शाळेची घंटा डोक्यात असलेल्या माणसाला थांबणे जड जाते.

ओढू नये याला कारण आहे. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. डोळे आणि कान गेलेल्या मोत्यापाशी जगाशी बोलण्याचे हे एकच मोठे दार उघडे राहिले आहे. शार्लोत द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधिकांनी २०१९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे हुंगून शोधण्याचे काम दिले, इतरांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचे. नंतर दोघांपुढे संदिग्ध जागी एक वाडगा ठेवला. त्यात खाऊ असेल किंवा नसेलही. हुंगणारे कुत्रे त्याकडे अधिक लवकर धावले. संशोधिका याला आशावाद म्हणतात. शिस्तीत चालणाऱ्यांत ती वाढ दिसली नाही. मुख्याध्यापकाने हे वाचून थोडे अस्वस्थ व्हावे, हे स्वाभाविक आहे.

पारापासून स्थानकाचा रस्ता. गाड्यांचा आवाज मोत्याला ऐकू येत नाही. परंतु घाटाकडे मालगाडी निघाली की तिचा धडधडाट जमिनीतून त्याच्या पायांना कळतो. तो थांबतो, मान वर करतो, शेवटचा डबा जाईपर्यंत तसाच उभा राहतो. पूर्वी गाडीवर भुंकत धावण्याचा त्याचा खेळ होता. आता फक्त उभे राहणे आहे, पण तेवढ्यापुरता तो भिंतीशी उभा राहणारा मोत्या नसतो. शेपटी हलत असते.

स्थानकाच्या अलीकडून पांदण फुटते, आणि पांदणीतून धुऱ्याने गेले की बागा. आमच्या भागातील संत्र्याला दोन बहार. आंबिया बहाराची फुले माघाच्या आसपास येतात, फळ दिवाळीच्या मागेपुढे निघते. मृगाच्या पावसावर दुसरा बहार, त्याचे फळ हिवाळा संपताना. फुलोऱ्याच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना माणसाच्या बोथट नाकालाही गुंगी येते. गतवर्षी माघात, विसराच्या ऐन दिवसांत, मोत्याने पांदणीच्या तोंडाशी माझ्या हातातली दोरी प्रथमच स्वतःहून ताणली. मी सोडून दिली नाही, सैल केली. तो वळणे न चुकता दोन बांध ओलांडून गेला आणि विकलेल्या बागेच्या फाटकापाशी जाऊन बसला. वर्षानुवर्षे वडील तेथे फाटक उघडण्यासाठी थांबत आणि तो बाजूला बसे. घराचे दार न सापडणाऱ्याला ते फाटक सापडले. बागेचे नवे मालक समजूतदार आहेत; आता आम्हाला पाहून ते हातानेच बसा म्हणून खुणावतात. मी बांधावर बसतो, मोत्या फाटकाशी. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पट्टा शोधत होतो, तर ते काठी घेऊन ओट्यावर तयार होते. तेव्हापासून पारापर्यंत तिघे जातो. पुढे आम्ही दोघे, आणि ते पारावर आमची वाट पाहतात.

मोत्या बरा झाला असे मी म्हणणार नाही. या विकाराला उतार नाही. तथापि पहाटेचा उजेड अंगावर घेतलेला कुत्रा दिवसा कमी झोपतो आणि रात्री अधिक, हे आमच्या घराने अनुभवले. रात्रीच्या येरझारा आठवड्यातून एखाद्या वेळेवर आल्या. पत्नीवर तो पुन्हा गुरगुरला नाही. फेरीवरून परतल्यावर भाकरी तीच देते, हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला. क्रम हा त्याच्या जुन्या स्मरणशक्तीच्या जागी उभा केलेला टेकू आहे. म्हणून वाट तीच, वेळ तीच. बदल करावयाचा तर एखाद्या गल्लीपुरता, त्याच्या नाकाला नवे काही मिळावे एवढाच. संध्याकाळी दुसरी फेरी, पण निम्मी. एकदम तासभर चालविणे म्हणजे दुसऱ्या दिवशी सांध्यांचा संप. आणि ज्या दिवशी तो अंगणातच बसकण मारतो त्या दिवशी त्याचे ऐकावयाचे.

बांधून ठेवा म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारणे, उपाशी ठेवणे यांच्या पंगतीतच, नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे न फिरविणे हाही गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये! दंडाची रक्कम हसण्याजोगी असली तरी साठ वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कोणाला तरी कुत्र्याच्या फेरीची आठवण झाली होती, याचे मला कौतुक वाटते. एरवी आमच्या भाषेत कुत्र्याला मिळाले ते कुत्र्याचे जिणे आणि कुत्र्याची मौत एवढेच. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे बसतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर एक धावतो, पण त्यांचा मान तसबिरीपुरता. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चार पांडव कोसळले आणि युधिष्ठिराबरोबर कुत्रा शेवटपर्यंत चालला. त्याचे वय व्यासांनी सांगितलेले नाही. परंतु तेवढी वाट संपेतो तो तरुण राहिला असेल, असे मला वाटत नाही.

हा अंक इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील ज्या घरांत जातो त्यांतील पुष्कळांकडे धुरा नाही, पांदण नाही; तिसऱ्या मजल्यावरची सदनिका आणि खाली गाड्या लावलेले आवार आहे. कुत्राही बहुधा गावठी नसून लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियन. मोठ्या जातीचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच वार्धक्याकडे झुकतात, लहान जातीचे उशिरा. आवाराच्या कडेची हिरवळ, दूधवाल्याच्या सायकलची जागा, फाटकाशी रखवालदाराने टाकलेली खुर्ची, एवढ्यानेही म्हाताऱ्या नाकाची वीस मिनिटे भरतात. जिने मात्र टाळावेत, गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावे. फिरविण्याचे काम नोकराकडे असेल तर त्याला सांगावे की हुंगताना ओढू नकोस. घाई त्याचीही असते.

सध्या भाद्रपद चालू आहे. गावातल्या तरुण कुत्र्यांच्या टोळ्या या महिन्यात माजलेल्या असतात आणि अधू म्हाताऱ्याची गय करीत नाहीत, म्हणून स्थानकाचा रस्ता काही आठवडे बंद ठेवला आहे. चक्कीच्या मागून थेट पांदणीला लागतो. माझ्या हातात काठी, पायांत गमबूट, आणि पाऊस असेल तर वडिलांची छत्री, कारण ती मोठी आहे. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली आहे. झाडांखाली हिरवी-पिवळी संत्री कुजत पडलेली असतात. शेतकरी चिंतेत आहे. त्या आंबूस वासाने मोत्या मात्र दर दहा पावलांना खिळतो आणि फेरीला पाऊण तासाच्या ठिकाणी तास लागू लागला आहे. शाळेची वेळ सांभाळावयाची तर उद्यापासून आणखी पंधरा मिनिटे आधी उठणे आले.